मदत हवी आहे: रेव्हिटमध्ये जेलच्या टेहळणी मनोऱ्यावरून न दिसणारी जागा कशी काढायची?

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या जेलचं मॉडेल रेव्हिटमध्ये (इमारतीचं त्रिमितीय मॉडेल करायचं सॉफ्टवेअर) करतोय. बराकीत माणशी 3.71 चौरस मीटर जागा आणि 15.83 घनमीटर हवा हे आदर्श कारागृह नियमावलीचं माप धरलंय, म्हणजे छत सव्वाचार मीटरच्या वर जातंच. मे महिन्यात इकडे पारा 45 च्या पुढे जातो आणि आतला माणूस दुपारी सावलीला कुठं जाणार? म्हणून बराकी पूर्व-पश्चिम लांब ठेवल्या, दक्षिणेला अडीच मीटरचा व्हरांडा दिला.

अडचण त्या व्हरांड्याचीच आहे. त्याच्या छतामुळे मनोऱ्यावरच्या शिपायाला बराकीची दारं दिसत नाहीत.

मॉडेलमधल्या मनोऱ्यात डोळ्याच्या उंचीवर कॅमेरे लावून पाहिले, पण डिझाइन बदललं की सगळं पुन्हा तपासावं लागतं. शिपायाच्या डोळ्याच्या जागी दिवा ठेवून रेंडर केलं, सावली पडते ती न दिसणारी जागा. चित्र छान येतं, क्षेत्रफळ मात्र मिळत नाही.

व्हरांडा कमी करायचा नाही. विकतचं प्लगिन परवडणार नाही, लॅपटॉप 16 जीबीचा. नकाशे सुरक्षेमुळे इथे टाकता येणार नाहीत.

डायनॅमोमध्ये (रेव्हिटसोबतचं स्क्रिप्ट करायचं साधन) मनोऱ्यावरून नजरेच्या रेषेसारखे किरण सोडून न दिसणाऱ्या जागेचं क्षेत्रफळ काढणारी स्क्रिप्ट कुणी केली आहे का? किरणांमधलं अंतर किती ठेवलंत?