अश्वगंधाच्या मुळ्या एकाच पोत्यातल्या, विथॅनोलाइड एकीकडे १.८ टक्के, दुसरीकडे ०.४

पीकपाणी_०७
मंडळी डोकं चालेना म्हणून विचारतोय. वाळलेल्या मुळ्या एकत्र दळल्या, तीच पावडर दोन लॅबना दिली. एकीने टोटल विथॅनोलाइड (अश्वगंधातली मुख्य संयुगं) १.८ टक्के काढलं, दुसरीने ०.४. माल घेणारा अर्थातच ०.४ वाला कागद नाचवतोय. खोटं कोण बोलतंय?

काचनळी
कोणीच नसेल. रिपोर्टवर मेथड बघा आधी, १.८ वाल्यावर ग्रॅव्हिमेट्री असणार, पैज. त्यात मेथनॉलने अर्क काढायचा, सॉल्व्हंट बदलून बदलून नको ते धुऊन टाकायचं आणि शेवटी बशीत जो तपकिरी चिकट थर उरतो तो वाळवून त्याचं वजन करायचं. आता त्या थरात विथॅनोलाइड आहेतच, पण बीटा-सिटोस्टेरॉल आहे, तेलकट बारीकसारीक आहे, काटा काय सगळ्यांचंच वजन सांगणार. एचपीएलसीत अर्क कॉलम नावाच्या नळीतून सोडून घटक सुटे करतात, मग २२७ नॅनोमीटरच्या अतिनील प्रकाशाला एकेक पीक, म्हणजे आलेखावरचा उंचवटा, स्टँडर्डशी (त्या घटकाच्या शुद्ध नमुन्याशी) ताडून मोजतात आणि ज्याचं स्टँडर्ड ठेवलेलं नाही ते सहसा बेरजेत धरतच नाहीत, म्हणून तिकडे आकडा कमी.

पीकपाणी_०७
ओ हो, ग्रॅव्हिमेट्रीच आहे! दुसऱ्यावर एचपीएलसी. मग सरळ मास स्पेकवर, त्या रेणूंचं वजन मोजणाऱ्या मशीनवर, करून घेतो, भांडणच मिटलं.

मुळाक्षर
नाही मिटत भाऊ. विथाफेरिन ए, विथॅनोलाइड ए, विथॅनोन आणि १२-डीऑक्सीविथास्ट्रॅमोनोलाइड, चारही विथॅनोलाइडच आणि चौघांत २८ कार्बन, ३८ हायड्रोजन, ६ ऑक्सिजन. रेणूभार चौघांचा ४७०.६. नुसत्या वजनावरून मशीनला चौघं सारखेच, कॉलममधून वेगवेगळ्या वेळी बाहेर पडले तर ठीक. माझे पहिल्यांदा दोन पीक चिकटलेले, उंटाच्या पाठीसारखे, सॉफ्टवेअरने एकच धरून बेरीज करून दिली आणि मी आठवडाभर तो आकडा मिरवत फिरलो 😅 ग्रेडियंट, म्हणजे कॉलममधल्या सॉल्व्हंटचं मिश्रण बदलत नेणं, हळू केला तेव्हा कुठे सुटले.

हिरवा_गडी
विथाफेरिन ए एकटं किती आलंय? ते पानांत मुळांपेक्षा जास्त असतं, तेच फुगलेलं दिसलं तर पाला दळला गेलाय का अशी शंका येणारच. एचपीटीएलसी प्लेटवर (तिच्यावर घटक वेगवेगळ्या पट्ट्यांत सुटे होतात) पानातले फ्लेव्होनॉइड दिसतात, तेही करून घ्या.

पीकपाणी_०७
पाला नाही, मुळ्या स्वतः निवडल्यात. पण आता नीट बघतोय तर ०.४ वाल्याने तीनच नावं मोजलीत, विथॅनोसाइड एकही नाही.

काचनळी
मग झालं की. विथॅनोसाइड म्हणजे साखर जोडलेले विथॅनोलाइड, चार आणि पाच नंबरचे मुळ्यांत असतातच, अन् बऱ्याच मेथडमध्ये टोटलमध्ये धरतात. त्यांना ते दोन धरून परत मोजायला सांगा आणि टक्के कोरड्या वजनावर आहेत का हेही विचारा. १.८ वाला कागद मात्र घेणाऱ्याला दाखवू नका, ओळखणारा हसेल.

पीकपाणी_०७
उद्या लावतो फोन. पावडर अर्धी डबी उरलीय, तेवढी पुरेल ना?