बुरशीचे शेंगदाणे भाजून खाल्ले तर चालतात का? डीएनए बिघडतो म्हणे

मीठभाकरी: गावाहून शेंगांचं पोतं येतं, पावसाळ्यात त्यातले थोडे दाणे हिरवट-काळे पडतातच. सासूबाई म्हणतात भाजले की काही होत नाही, कुटात कळतही नाही. पण वर्षानुवर्षं थोडं थोडं पोटात गेलं तर? आणि हे पुढे मुलांच्यात उतरतं का?

रानवाट: भाजून बुरशी मरते ताई, विष नाही. अफ्लाटॉक्सिन ते, कढईच्या आचेला फारसं जुमानत नाही. विष बहुतेक वेळा मोजक्याच दाण्यांत असतं म्हणून कुटायच्या आधीच निवडा, एकदा कूट झाला की अख्खा डबा गेला. सुरकुतलेले, काळपट, कडू सगळे फेका, म्हशीलापण घालू नका, दुधात उतरतं.

जुना_लॅबवाला: गंमत म्हणजे आपलं लिव्हरच त्याला पचवायला जातं आणि त्यातनं जे एपॉक्साइड नावाचं रसायन बनतं ते डीएनएतल्या ग्वानिनला (डीएनएच्या चार अक्षरांपैकी जी) चिकटतं. पेशी बरंचसं दुरुस्त करते पण रोजच चालू राहिलं तर कधीतरी चुकतं, जी च्या जागी टी बसतो. १९९१ मध्ये चीनमधल्या छीतोंग आणि दक्षिण आफ्रिकेकडच्या लिव्हर कॅन्सरच्या पेशंटमध्ये पी५३ या कॅन्सर रोखणाऱ्या जीनच्या २४९ नंबरच्या कोडॉनवर (तीन अक्षरांच्या गटावर) हाच बदल पुन्हा पुन्हा सापडला, म्हणजे विषाने सहीच करून ठेवलेली. मुलांचं म्हणाल तर हा बदल लिव्हरच्या पेशीतला, वारशाने जात नाही. पण मुलं जेवतात तोच कूट ना.

तात्या_बार्शीकर: आमच्या आज्याने जन्मभर असलेच दाणे खाल्ले, नव्वदी गाठली. उगा घाबरवू नका

जुना_लॅबवाला: तात्या, आजोबांना हिपॅटायटिस बी (लिव्हरला सूज आणणाऱ्या विषाणूची लागण) नसणार. शांघायच्या अभ्यासात नुसत्या अफ्लाटॉक्सिनने लिव्हर कॅन्सरचा धोका तिप्पट, नुसत्या हिपॅटायटिस बी ने सातपट आणि दोन्ही असले तर जवळपास साठपट निघाला. आणि एकदम जास्त गेलं तर कॅन्सरपर्यंत थांबावंही लागत नाही, १९७४ ला राजस्थान-गुजरातमधल्या बांसवाडा-पंचमहालात अवकाळीत भिजलेला मका खाऊन शंभरावर माणसं कावीळ होऊन दगावली, तेच खाणारी कुत्रीसुद्धा.

मीठभाकरी: बापरे. मग घाण्याचं तेल?

रानवाट: रिफाइंडमध्ये अल्कलीच्या प्रोसेसमध्ये जवळजवळ सगळं निघून जातं, घाण्याच्या तेलात राहू शकतं. दाणे स्वतः निवडून नेऊन डोळ्यासमोर काढून घ्या. शेंगा खडखडीत वाळवून मगच पोत्यात भरा, आणि हिपॅटायटिस बी ची लस घरात कुणाची राहिली असेल तर डॉक्टरांना विचारून घेऊन टाका.