स्थानिक पत्रकारितेला देणगी द्यायची आहे. ती कशी द्यावी?

अनुबंध:

दिवंगत आईच्या नावाने आमच्या कुटुंबाने एक लहानसा निधी उभा केला आहे. त्याच्या व्याजातून आजवर शिष्यवृत्त्या आणि ग्रंथालयांसाठी पुस्तके असाच खर्च होत आला. आई वर्तमानपत्र हातात घेतले की आधी स्थानिक बातम्यांचे पान उघडत असे. ते पान गेल्या काही वर्षांत आमच्या डोळ्यांदेखत रोडावत गेले आणि आता त्यावर बहुतेक वेळा आलेली पत्रकेच जशीच्या तशी छापलेली दिसतात. म्हणून यंदापासून निधीतील काही भाग स्थानिक पत्रकारितेसाठी द्यावा, असा विचार घरात पुढे आला आहे.

एकमत मात्र झालेले नाही. माझ्या भावाचे म्हणणे असे की, वर्तमानपत्र हा व्यवसाय आहे. तो चालत नसेल तर दान देऊन त्याला जगवण्यात अर्थ नाही. माझी शंका वेगळी आहे. आज आपण पैसे दिले आणि उद्या आपल्याच परिचयातील कोणाविषयी प्रतिकूल बातमी लिहायची वेळ आली, तर बातमीदाराचा हात अडखळणार नाही याची खात्री कशी बाळगावी? शिवाय रक्कम एकदाच मोठी द्यावी की दरवर्षी थोडी, ठरावीक विषयासाठी द्यावी की विनाअट, हेही ठरायचे आहे. ज्यांनी अशी देणगी दिली किंवा घेतली आहे, त्यांनी कृपया लिहावे.

ओलीशाई:

मी अकरा वर्षे देणग्यांवर चालणाऱ्या एका लहान न्यूजरूममध्ये आधी बातमीदार आणि नंतर उपसंपादक म्हणून काम केले, त्यामुळे घेणाऱ्याच्या बाजूने लिहिते.

आधी तुमच्या भावाच्या आक्षेपाविषयी. वाचकाने मोजलेल्या किमतीत वर्तमानपत्राचा सगळा खर्च सहसा भागतच नव्हता. तो जाहिरातींतून भागत होता, आणि त्यातही नोकऱ्या, घरे, जुन्या गाड्या यांच्या छोट्या जाहिरातींचा वाटा मोठा होता. स्थानिक सभागृहातील कंटाळवाण्या बैठकीला चार-चार तास बसणाऱ्या बातमीदाराचा पगार त्यांतून निघे. त्या जाहिराती इंटरनेटवर गेल्या, तेव्हा बैठकीला कोणीतरी बसण्याची गरज संपली नाही. फक्त त्याचा पगार परस्पर देणारे कोणी उरले नाही. अमेरिकेत २००५ नंतर एक तृतीयांशाहून अधिक वर्तमानपत्रे नाहीशी झाल्याची नोंद नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या मेडिल पत्रकारिता विद्यालयाने ठेवली आहे. अमेरिकेतीलच दुसऱ्या एका अभ्यासात, जो २०२० मध्ये प्रसिद्ध झाला, असे आढळले की वर्तमानपत्र बंद पडलेल्या भागांतील स्थानिक शासनसंस्थांना कर्जरोख्यांवर ०.०५ ते ०.११ टक्क्यांनी जास्त व्याज द्यावे लागते, कारण ज्या कारभारावर कोणाची नजर नाही त्याला कर्ज देणे गुंतवणूकदाराला अधिक जोखमीचे वाटते. हा फरक दिसायला किरकोळ आहे, पण मोठ्या कर्जावर तो वर्षानुवर्षे भरावा लागतो आणि भरतात करदाते. बातमीदाराचा वाचलेला पगार असा दुसऱ्या वाटेने जातच असतो, हे तुमच्या भावाला जरूर सांगा.

आता पैसे कशासाठी द्यावेत, याविषयी. माझे मत ठाम आहे: विषयासाठी देऊ नका, माणसाच्या पगारासाठी द्या. एका देणगीदार संस्थेने आम्हाला आरोग्यविषयक मालिकेसाठी वर्षभराचा निधी दिला होता. मालिका उत्तम झाली, याबद्दल दुमत नाही. परंतु त्या निधीतून चित्रीकरण, प्रवास आणि अहवालांचा खर्च करता येत होता. कार्यालयाचे भाडे, कायदेशीर सल्ला, हिशेब ठेवणारी व्यक्ती आणि रोजचे वार्तांकन करणाऱ्यांचे पगार यांसाठी त्यातील एक पैसाही वापरता येत नव्हता. वर्ष संपेपर्यंत स्थानिक प्रशासनाचे वार्तांकन करणारे दोघेही पगाराअभावी सोडून गेले. त्याच काळात पाणीपुरवठ्याच्या कंत्राटाला एका बैठकीत मुदतवाढ मिळाली आणि त्या बैठकीला आमच्यापैकी कोणीही हजर नव्हते. आम्हाला ते सात महिन्यांनी कळले, तेही एका नागरिकाने कागद आणून दाखवले म्हणून. ही गोष्ट मला आजही बोचते, कारण त्या वर्षी आमच्या हाती आलेली एकूण रक्कम आधीच्या कोणत्याही वर्षापेक्षा जास्त होती.

म्हणूनच २०१७ मध्ये सुरू झालेल्या ‘रिपोर्ट फॉर अमेरिका’ या उपक्रमाची मूळ रचना मला पटते. बातमीदाराच्या पगाराचा निम्मा भाग उपक्रमाने, एक चतुर्थांश न्यूजरूमने आणि उरलेला एक चतुर्थांश स्थानिक देणगीदारांनी द्यायचा, अशी ती होती. पैसा कोणाच्या पोटात गेला आणि तो माणूस रोज काय करतो, हे सर्वांना दिसते.

ताळेबंद:

मी लेखापरीक्षक आहे आणि दोन धर्मादाय न्यासांचा विश्वस्त म्हणूनही काम पाहतो. अनुबंध यांच्या दुसऱ्या शंकेपुरते लिहितो.

देणगीदार सज्जन आहे, ही खात्री पुरेशी नसते. व्यवस्था अशी हवी की देणगीदार सज्जन नसला तरी बातमी सुरक्षित राहील. त्यासाठी पैसे मागणारी व्यक्ती आणि बातमी ठरवणारी व्यक्ती वेगळ्या आहेत का, देणगीविषयीचे धोरण लेखी आणि वाचकांना उपलब्ध आहे का, आणि देणगीदारांची नावे जाहीर होतात का, हे तपासावे. अमेरिकेतील ना-नफा वृत्तमाध्यमांची ‘इन्स्टिट्यूट फॉर नॉनप्रॉफिट न्यूज’ ही २००९ मध्ये स्थापन झालेली संघटना आपल्या सदस्यांना वर्षाला ५,००० डॉलर किंवा अधिक देणाऱ्यांची नावे जाहीर करायला लावते. आपले नाव गुप्त राहावे असे पुष्कळ दात्यांना केवळ संकोचापोटी वाटते, हे मी पाहिले आहे. शिष्यवृत्ती देताना हा संकोच शोभून दिसतो. पण बातमीच्या बाबतीत कोणाच्या पैशाने ती छापली गेली, हे जाणण्याचा वाचकाचा अधिकार दात्याच्या संकोचापेक्षा मोठा आहे.

दुसरे, तुम्ही नेमके कोणाला देत आहात ते पाहा. वर्तमानपत्राची मालकी आणि दान स्वीकारणारी संस्था या अनेकदा वेगवेगळ्या असतात. फिलाडेल्फियात जेरी लेनफेस्ट यांनी २०१६ मध्ये ‘इन्क्वायरर’ या आपल्या वर्तमानपत्राची मालकी स्वतः स्थापन केलेल्या ना-नफा संस्थेकडे सोपवली आणि तिला २ कोटी डॉलर दिले. वर्तमानपत्र मात्र कंपनीच राहिले. सॉल्ट लेक सिटीच्या ‘ट्रिब्यून’ने २०१९ मध्ये संपूर्ण वर्तमानपत्रच धर्मादाय संस्थेत रूपांतरित केले. त्यासाठी एक गोष्ट सोडावी लागली: तेथील करकायद्याप्रमाणे अशा संस्थेला निवडणुकीत कोणत्याही उमेदवाराला पाठिंबा देता येत नाही. कॅनडाने पत्रकारितेसाठी दान स्वीकारणाऱ्या संस्थांची वेगळी नोंदणीच सुरू केली आणि मॉन्ट्रियलच्या ‘ला प्रेस’ला २०२० मध्ये ती मिळाली. कित्येक देशांत पत्रकारिता हे स्वतंत्रपणे धर्मादाय प्रयोजन मानले जात नाही, त्यामुळे अशा संस्था शिक्षणाच्या सदराखाली नोंदणी करतात. तुमच्या निधीच्या घटनापत्रात हा खर्च बसतो का, यावर सल्लागाराचे लेखी मत घेतल्याशिवाय रक्कम देऊ नये.

पायवाट:

वरील दोन्ही उत्तरांशी मी सहमत आहे, तरीही एक धोका कोणी मांडला नाही. ह्यूस्टनमध्ये ‘ह्यूस्टन लँडिंग’ हे ना-नफा वृत्तसंकेतस्थळ २०२३ मध्ये सुरू झाले, तेव्हा त्याच्यापाशी २ कोटी डॉलरहून अधिक देणगी जमलेली होती. मे २०२५ मध्ये ते बंद पडले. काम चांगले होते. पण सुरुवातीचा निधी संपत गेला तसतसे त्याची जागा घेणारे दुसरे उत्पन्न पुरेसे उभे राहिले नाही.

म्हणून मोठ्या देणगीने लहान देणग्यांना वाट करून दिली पाहिजे, असे मला वाटते. ब्रिस्टलमधील ‘ब्रिस्टल केबल’ हे २०१४ पासून सहकारी तत्त्वावर चालणारे माध्यम आहे. दरमहा वर्गणी देणारे सदस्यच त्याचे मालक असतात आणि कोणी कितीही रक्कम दिली तरी मत एकच असते. अमेरिकेत २०१६ पासून ‘न्यूजमॅच’ नावाची मोहीम चालते, जिच्यात वाचकांनी ठरावीक काळात दिलेल्या देणग्यांएवढी भर मोठे देणगीदार घालतात. आपली छोटी रक्कम दुप्पट होते हे कळल्यावर आजवर कधीही न दिलेला वाचक पहिल्यांदा देतो, आणि एकदा दिलेल्याला पुढच्या वर्षी पुन्हा विचारता येते. तुमच्या निधीतील निदान एक तृतीयांश रक्कम अशी जोडरक्कम म्हणून ठेवावी, असे सुचवतो. आमच्या वाचक गटाने हा मार्ग स्वीकारला होता आणि दुसऱ्या वर्षी आमच्यापेक्षा वाचकांचीच रक्कम जास्त झाली.

अनुबंध:

तिघांचेही मनापासून आभार. ही चर्चा मी घरी वाचून दाखवली. व्याजाचा मुद्दा ऐकल्यावर भावाचा विरोध बराच निवळला. सध्या असे ठरत आहे की, तीन वर्षे दरवर्षी समान रक्कम द्यावी, तिचा दोन तृतीयांश भाग स्थानिक प्रशासनाचे वार्तांकन करणाऱ्या एका बातमीदाराच्या पगारासाठी आणि उरलेला पायवाट यांनी सुचवल्याप्रमाणे जोडरकमेसाठी ठेवावा. आईचे नाव देणगीदारांच्या यादीत जाहीर होईल.

एक प्रश्न उरतो. बातम्यांमध्ये आम्ही लक्ष घालायचे नाही, हे मान्य आहे. मग पैसे सत्कारणी लागले की नाही, हे कशावरून पाहायचे?

ओलीशाई:

किती लोकांनी बातमी वाचली हा आकडा मागू नका. तो मागितला की बातमीदार बैठकीऐवजी गर्दी खेचणाऱ्या विषयांकडे वळतो. त्याऐवजी वर्षातून एकदा तीन गोष्टी विचारा: स्थानिक संस्थांच्या किती बैठकांना कोणी प्रत्यक्ष हजर होते, किती चुकांच्या दुरुस्त्या छापल्या गेल्या, आणि मागील वर्षीच्या लहान देणगीदारांपैकी किती जणांनी पुन्हा रक्कम दिली. दुरुस्त्यांचा आकडा शून्य असेल, तर मला स्वतःला काळजी वाटेल.

करारात हप्त्यांच्या तारखा आधीच लिहून ठेवा, म्हणजे तुमच्या परिचिताविषयी बातमी छापून आली तरी पुढचा हप्ता कोणाच्या मर्जीवर अवलंबून राहणार नाही. तीन वर्षांनंतर थांबायचे झाल्यास किमान बारा महिने आधी कळवण्याचे कलमही घाला. आम्हाला तशी सूचना मिळाली, तेव्हा हाती फक्त सहा आठवडे होते.