वर्गात दम्याची आणि ॲलर्जीची मुलं नेमकी किती असतात?

सहावीच्या बाई:
वर्षाच्या सुरुवातीला आम्ही पालकांकडून आरोग्याचा फॉर्म भरून घेतो. 'काही आजार आहे का?' या रकान्यात यंदा फक्त दोघांच्या घरून 'दमा' असं लिहून आलं. बाकी सगळे 'नाही'. पण मला दिसतं ते वेगळंच आहे. एक मुलगी खेळाच्या तासानंतर भिंतीला टेकून उभी राहते, खांदे वरखाली होत असतात, खोकल्याची उबळ थांबत नाही. विचारलं की म्हणते, "काही नाही बाई, पळाले ना म्हणून." एक मुलगा दिवसभर तळहाताने नाक खालून वर चोळत असतो. त्याच्या नाकावर आडवी रेघ उमटली आहे. घरचे म्हणतात, "त्याला सर्दीच असते सारखी."

हे सगळं मला उगाच दिसतंय, की खरंच इतक्या मुलांना त्रास असतो? जाणकारांनी सांगावं, मला याची मनापासून काळजी वाटते.

बालरोगतज्ज्ञ:
उगाच दिसत नाहीये, बाई. मुलांच्या दीर्घकाळ चालणाऱ्या आजारांत जगभर दम्याचा नंबर पहिला आहे.

१९९१ मध्ये मुलांच्या दमा आणि ॲलर्जीवरचा 'आयझॅक' नावाचा आंतरराष्ट्रीय अभ्यास सुरू झाला. त्यात ६-७ आणि १३-१४ वर्षांच्या शाळकरी मुलांची पाहणी झाली. १९९८ साली पहिले निष्कर्ष आले तेव्हा त्यात ५६ देशांतली, १३-१४ वर्षांची साडेचार लाखांहून जास्त मुलं होती. पुढच्या फेरीत १३-१४ वर्षांच्या मुलांत साधारण १४ टक्क्यांना आदल्या वर्षभरात छातीत घरघर झालेली होती, लहान गटात सुमारे १२ टक्क्यांना. नाक-डोळ्यांच्या ॲलर्जीचं प्रमाणही मोठ्या गटात जवळपास तेवढंच. म्हणजे ४० मुलांच्या वर्गात पाच-सहा. अर्थात ही सरासरी झाली. ठिकाणाठिकाणांत वीसपट आणि त्याहूनही जास्त फरक निघाला होता, त्यामुळे तुमच्या वर्गाचा आकडा यावरून काढू नका.

मला महत्त्वाचा वाटतो तो त्यांचा प्रश्न. 'दमा आहे का?' एवढंच विचारून ते थांबले नाहीत. 'गेल्या १२ महिन्यांत छातीत घरघर झाली का, शिट्टीसारखा आवाज आला का?' हे विचारलं. 'दमा' हे नाव लिहायला पालक कचरतात, आणि कित्येक मुलांचं निदानच झालेलं नसतं. रात्री खोकल्याने जाग येते का, पळाल्यावर छाती भरून येते का, हे मात्र आई लगेच सांगते.

तो नाक चोळणारा मुलगाही लक्षात ठेवा. नाकाची ॲलर्जी आणि दमा पुष्कळदा एकाच मुलात असतात. नाकावर अशी रेघ साध्या सर्दीने पडत नाही.

एका दमेकरी मुलाची आई:
डॉक्टरांशी सहमत. पण संख्या कळून पुढे काय, हेही बोलूया. माझ्या मुलाचा पंप (इन्हेलर) शाळेने ऑफिसच्या कपाटात ठेवायला लावला. कपाटाला कुलूप, किल्ली एकाच माणसाकडे. धाप लागलेल्या पोराने जिना चढून किल्ली शोधायची का? आता पंप आणि स्पेसर (पंपाला जोडायची नळी) त्याच्या दप्तराच्या पुढच्या कप्प्यात असतो. त्यासाठी मला डॉक्टरांचं पत्र घेऊन भांडावं लागलं आणि मी भांडले.

इंग्लंडमध्ये २०१४ पासून शाळांना आणीबाणीसाठी स्वतःचा इन्हेलर ठेवायची कायद्याने मुभा आहे. हे सगळीकडे व्हायला हवं.

आणि बाई, कृपा करून वर्गासमोर विचारू नका. इतर मुलं चिडवतात म्हणून माझा मुलगा खोकला दाबून बसायचा.

पीटीचा मास्तर:
एक भर घालतो. पळताना नाही, बरेचदा थांबल्यावर पाच-दहा मिनिटांत त्रास वाढतो. तोवर मुलं वर्गात पोचलेली असतात, म्हणून आम्हा खेळाच्या शिक्षकांना ते दिसतच नाही. बाईंनी बघितलं ते बरं झालं.

सहावीच्या बाई:
सगळ्यांचे आभार. फॉर्ममधला 'काही आजार?' हा रकाना काढतेय. त्याजागी घरघर, रात्रीचा खोकला, पळाल्यावरचा त्रास, शिंका आणि डोळ्यांची खाज, खाण्याची ॲलर्जी आणि पंप कुठे ठेवलाय, असे सुटे प्रश्न घालते. त्या मुलीच्या आईला एकटीला बोलावून बोलणार आहे. डॉक्टर, तोवर तिला खेळापासून लांब ठेवू का?

बालरोगतज्ज्ञ:
कायमचं बसवून ठेवू नका. दमा आटोक्यात असला की मुलं सगळे खेळ खेळतात. तपासणी होईपर्यंत तिला एकदम जोरात पळवू नका, आधी हळूहळू अंग गरम करू द्या आणि खोकला सुरू झाला की थांबवा. एका श्वासात वाक्य पुरं बोलता येत नसेल, बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात असेल किंवा ओठ निळसर दिसले, तर घरच्यांची वाट बघू नका, थेट दवाखान्यात न्या. आईला सांगा, रात्रीचा खोकला किती वेळा येतो ते आठवडाभर लिहून आणा. तपासताना आम्हाला त्याचा फार उपयोग होतो.