दारात आल्यावर भाव पाडणं ही घासाघीस नव्हे

मेधा, खारघर
परवा इथं एकांनी जुन्या वस्तू घेण्याबद्दल लिहिलं होतं: "विकायला काढली म्हणजे ती वस्तू नको झालेली असते. नको झालेल्या वस्तूला कसला भाव? मी निम्म्यापासून सुरू करतो आणि दारात गेल्यावर आणखी पाचशे-हजार सोडवून घेतो. टेम्पो खाली उभा असला की समोरचा हो म्हणतोच." त्याखाली कौतुकाची रांग लागली होती. दोन दिवस गप्प बसले, आता राहवत नाही.

घासाघीस मला वर्ज्य नाही. माझी आई जांभळी नाक्यावर भाव केल्याशिवाय कोथिंबिरीची जुडी घ्यायची नाही. पण एकदा "दे" म्हणाली की जुडी पिशवीत टाकून पुन्हा भाव करायची नाही.

आमची नौपाड्यातली बिल्डिंग पुनर्विकासाला गेली. महिनाअखेर किल्ल्या द्यायच्या होत्या. बाबांचं गोदरेजचं कपाट मी ७,५०० ला विक्रीला टाकलं. डाव्या पायाशी गंज होता, त्याचा जवळून वेगळा फोटो दिला, शेजारी बोट ठेवून, म्हणजे केवढा आहे ते कळावं. कळव्याच्या एका गृहस्थांशी फोनवर पाऊण तास बोलून ६,००० ठरले. मग विचारणाऱ्या दुसऱ्या दोघांना नाही म्हणून कळवलं. रविवारी हे टेम्पो आणि दोन हमाल घेऊन आले, खाली वाकून त्याच गंजावर नख घासलं आणि म्हणाले, "हे तर सडलंय. साडेचार. टेम्पोचं वेटिंग चालू आहे, पटकन सांगा."

दिलं मी. दुसरा दिवस हातात नव्हता. दाराच्या आतल्या बाजूला बाबांनी पेन्सिलीनं गॅस सिलिंडर लावल्याच्या तारखा लिहिलेल्या होत्या, वर्षानुवर्षांच्या. त्यांचा फोटो काढायचा होता. हमालांनी तोवर कपाट आडवं केलं होतं.

दीड हजारानं मी गरीब झाले नाही. पण याला व्यवहारचातुर्य म्हणू नका. समोरच्याची अडचण हेरून दिलेला शब्द मोडणं म्हणतात याला.

कासारवडवलीकर
ती पोस्ट माझीच. कळव्याचा तो मी नव्हे, हे आधी सांगतो.

ताई, तुमच्या बाबतीत वाईट झालं. पण तुम्ही फक्त विकणाऱ्याच्या खुर्चीवरून बोलताय. मी भाड्याच्या घरात राहतो, अख्खं घर जुन्या सामानावर उभं केलंय. तीन वर्षांपूर्वी ऐरोलीहून फ्रिज आणला. "एकदम ओके, काहीच प्रॉब्लेम नाही" असं तीनदा विचारून तीनदा ऐकलं. नवव्या दिवशी कॉम्प्रेसर गेला. फोन केला तर नंबर ब्लॉक. गॅरंटी नाही, बिल नाही, परत घेणं नाही. मग ती जोखीम किमतीतून नाही काढायची तर कुठून काढायची?

आणि लोक किंमत लिहितात तीच फुगवून. पाच हजारांत द्यायचं असतं, आठ लिहितात. मी निम्म्यापासून सुरू केलं तर अपमान कसला?

कोपरखैरणे सेक्टर १५
किंमत लिहितात तरी का? "१ रुपया" टाकतात आणि खाली "भावासाठी मेसेज करा". मेसेज केला की "तुम्ही सांगा". आपण सांगितलं की "इतक्यात नाही जमणार". अरे मग कितीत जमणार ते लिही ना! माझ्या मुलीसाठी सायकल शोधताना दोन आठवडे यातच गेले.

वाशीचे काका
मेधाताई, चूक तुमची एकच. विसार घ्यायला हवा होता. माझी हयात वाशीच्या घाऊक बाजारात गेली. रुमालाखाली बोटं धरून भाव ठरताना मी पाहिलेत. बोटं सोडली की सौदा पक्का, मग माल उतरवताना तोंड उघडायचं नाही, ज्यानं उघडलं त्याच्याशी दुसऱ्या दिवशी कोणी बोलत नसे. इथं अनोळखी माणसं, उद्या तोंड दाखवायचं नाही, म्हणून शब्दाला वजन नाही. पाचशे रुपये आधी पाठवायला सांगा. ज्याला खरंच घ्यायचंय तो पाठवतो.

अनघा, सीवूड्स
काका, विसाराचं नाव काढू नका. त्याच वाटेनं माझ्या सासूबाईंचे १८,००० गेले.

शिलाई मशीन ४,००० ला टाकलं होतं. तासाभरात फोन. "मी मिलिटरीत आहे, बदली झालीय, बायकोला मशीन हवंय. भाव करत नाही, चार हजार पूर्ण देतो, माणूस येऊन नेईल, आत्ता टोकन पाठवतो." सासूबाई इतक्या खूश झाल्या, म्हणाल्या, बघ, सैनिक माणूस, एका शब्दानं कमी केलं नाही. त्यानं आधी ५ रुपये खरोखर पाठवले. मग क्यूआर कोड पाठवला, "हा स्कॅन करा, पिन टाका, पैसे जमा होतील." दोनदा स्कॅन केला, दोनदा गेले.

त्यामुळे कासारवडवलीकरांना एक सांगते. त्या दिवसापासून जो न बघता, न बोलता पूर्ण किंमत द्यायला तयार होतो त्याचीच मला भीती वाटते. जो "ताई, जरा कमी करा ना" म्हणतो तो निदान खरा गिऱ्हाईक असतो.

ठाणे पूर्व
पैसे यायला पिन लागत नाही हे २०२६ मध्येही लोकांना कळत नसेल तर कोण काय करणार? इतक्या जाहिराती येतात.

अनघा, सीवूड्स
त्या ७१ वर्षांच्या आहेत आणि आयुष्यभर ब्लाउज शिवून त्यांनी दोन मुलं शिकवली. "कोण काय करणार" हे त्यांच्या तोंडावर म्हणून दाखवा. ती मशीन त्यांनी अजून विकलेली नाही. फोन वाजला तरी दचकतात.

ठाणे पूर्व
माझं बोलणं कडक झालं, मान्य. पण गेल्या ऑक्टोबरपासून एकमेकांना पैशाची मागणी पाठवायची सोयच यूपीआयनं बंद केली, तेव्हा तो प्रकार आता संपला.

नेरुळ, बँकेत नोकरी
नाही संपला. बंद झाली ती माणसानं माणसाला पाठवायची 'कलेक्ट रिक्वेस्ट', १ ऑक्टोबर २०२५ पासून. क्यूआर कोडचा डाव चालूच आहे, कारण तिथं तुम्ही स्वतः स्कॅन करून स्वतः पैसे पाठवत असता. रोज काउंटरवर असा एक तरी चेहरा बघते मी. पैसे गेले की पहिल्यांदा १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन लावा, नंतर रडा. पुढच्या खात्यातून पैसे काढले जाण्याआधी तिथं रोखले गेले तर मिळायची आशा असते. लोक घरच्यांपासून लपवतात आणि तिसऱ्या दिवशी येतात. अनघाताई, तुम्ही केव्हा केला होता?

अनघा, सीवूड्स
दुसऱ्या दिवशी संध्याकाळी. त्यांनी आम्हाला सांगितलंच तेव्हा.

कोर्ट नाक्यावरचा
बत्तीस वर्षं दिवाणी कोर्टात लिपिक होतो, म्हणून मूळ मुद्द्यावर येतो. करार तोंडीही होतो. १८७२ च्या करार कायद्याचं कलम ७ सांगतं, स्वीकार बिनशर्त हवा. ६,००० ला दोघं हो म्हणाले तिथं सौदा ठरला. दारात "साडेचार" म्हणणं हा नवा प्रस्ताव, आणि तो नाकारायचा तुम्हाला पूर्ण हक्क होता.

पण हेच कलम विकणाऱ्यालाही लागतं. एकाला हो म्हणून नंतर जास्त देणाऱ्याला वस्तू देणारे इथं कमी आहेत का? आणि कासारवडवलीकरांचा फ्रिज: वस्तू नीट बघून घेणं हे घेणाऱ्याचं काम, १९३० चा माल विक्रीचा कायदाही सर्वसाधारणपणे तेच म्हणतो. मात्र विचारल्यावर जाणूनबुजून खोटं सांगणं ही करार कायद्याच्या कलम १७ प्रमाणे फसवणूक आहे.

ठाणे पूर्व
दीड हजारासाठी कोर्टात कोण जाणार, काका? तारखेला जायच्या रिक्षातच तेवढे जातील.

कोर्ट नाक्यावरचा
कोर्टात जा असं मी म्हटलेलं नाही. बरोबर कोण होतं तेवढं सांगितलं. लोकांना तेही माहीत नसतं, म्हणून दारात गांगरतात.

घणसोलीची आई
टेम्पोवरून आठवलं. आमच्या सोसायटीत सोफा खाली न्यायला लिफ्टचे वेगळे पैसे, गेटपास, त्यावर सेक्रेटरीची सही, तीही रविवारी मिळत नाही. घ्यायला आलेला माणूस ऐरोलीहून आला आणि वॉचमननं तासभर बसवून ठेवला. तो चिडून परत गेला. हा खर्च कोणाचा, ते आधी बोलून घ्या. निम्मी भांडणं त्यावरूनच होतात.

मेधा, खारघर
कासारवडवलीकर, तुमचा फ्रिज मी वाचला. तुमच्याशी खोटं बोलणारा माझ्या कळवेकरापेक्षा वाईट. पण त्याचा वचपा तुम्ही भलत्याच माणसाकडून काढताय. ऐरोलीच्या माणसानं बुडवले, ते नौपाड्याच्या बाईनं का भरायचे?

निम्म्यापासून सुरू करा. फोनवर हवं तितकं भांडा. मी नाही म्हणेन, तुम्ही दुसरीकडे जाल. पण ठरल्यावर, फोटोत दाखवलेल्याच खोटीवरून, माझ्या दारात टेम्पोचं घड्याळ दाखवू नका.

कासारवडवलीकर
फोटोत होतं ते दारात काढायचं नाही, इतपत मानतो. माझ्या त्या पोस्टमधलं टेम्पोचं वाक्य चुकलं, तेही काढून टाकतो. पण फोटोत नव्हतं ते निघालं तर मी कमी करणारच, आणि त्यात मला काही गैर वाटत नाही. निम्म्याचं तर मुळीच मागे घेत नाही.

मेधा, खारघर
न दाखवलेलं निघालं तर जरूर कमी करा. मीही करेन.

वाशीचे काका
मग विसाराचं काय ठरलं? हातात रोख घ्यायला तर हरकत नाही ना?

अनघा, सीवूड्स
रोख चालेल, काका. वस्तू बघायला येतील तेव्हा, समोरासमोर. सासूबाईंची मशीन घ्यायला कोणी तयार असेल तर सांगा. पायाची आहे, पट्टा नवा घातलाय, बॉबिनचं झाकण थोडं सैल आहे. चार हजार लिहिलेत, साडेतीनपर्यंत उतरू. पण फोन माझ्या नंबरवर करा, त्यांच्या नाही.