चौदावा दिवस सगळ्यांचा नसतो

मूल हवं असलेल्यांना कुणीतरी सांगतंच, "पाळी सुरू झाल्यापासूनचा चौदावा दिवस चुकवू नका"; ते २८ दिवसांच्या पाळीपुरतं ठीक. स्त्रीबीज बाहेर पडतं ते पुढच्या पाळीच्या साधारण १४ दिवस आधी. म्हणजे पाळी ३५ दिवसांनी येत असेल तर एकविसाव्या दिवसाच्या आसपास. स्त्रीबीज जेमतेम दिवसभर टिकतं, शुक्राणू मात्र पाच दिवसांपर्यंत तग धरतात, त्यामुळे आधीचे दिवसच कामाचे. अंड्यातल्या पांढऱ्यासारखा, बोटांत ताणला तरी पटकन न तुटणारा स्राव दिसला की रोज किंवा दिवसाआड संबंध ठेवा. आणि नवरोबांची वीर्यतपासणी आधी करा हो, सासूबाईंचे काढे नंतर! पस्तिशी उलटली असेल तर वर्षभर वाट पाहू नका, सहा महिन्यांत डॉक्टर गाठा. फॉलिक अ‍ॅसिडची (ब-जीवनसत्त्वाची) गोळी मात्र आत्तापासूनच.