तीन कवितांची तुलना करा असा प्रश्न आला की उत्तर मांडायचं कसं?

रात्रीचा_अभ्यास

नमस्कार, मी टीवायबीएला आहे, मराठी घेऊन, पण परीक्षा बाहेरून देतेय म्हणजे लेक्चर वगैरे काही नाही, दिवसभर कामावर आणि रात्री जेवणं उरकली की अभ्यास. कवितेच्या पेपरात एक प्रश्न हमखास असतो, अमुक तीन कवितांची तुलना करा, १५ मार्क, आणि धरून चाला, हातात अर्धा तास. मागच्या वेळी मला त्यात ५ मिळाले. कमी लिहिलं होतं असंही नाही, साडेपाच पानं भरली होती, पुरवणी घ्यावी लागली. बालकवींची 'औदुंबर', बहिणाबाईंची 'मन वढाय वढाय' आणि मर्ढेकरांची 'पिपात मेले ओल्या उंदिर', या तिन्हींमधल्या निसर्गप्रतिमांची तुलना, असा प्रश्न होता. मी आधी बालकवींची माहिती दिली, मग कवितेचा अर्थ लिहिला, मग बहिणाबाईंची माहिती, मग अर्थ, मग मर्ढेकर, आणि शेवटी 'अशा प्रकारे तिन्ही कवींनी निसर्गाचा प्रभावी वापर केला आहे'. तिन्ही कविता मला तोंडपाठ आहेत, आवडतातही मनापासून, म्हणून ते ५ मार्क जास्त लागले. गाईडमध्ये एकेका कवितेचं रसग्रहण मिळतं पण तीन कविता एका उत्तरात कशा बसवायच्या ते कुणीच सांगत नाही. कुणी नीट समजावेल का?

फळा_आणि_खडू

अगं, कारण तुझ्याच पोस्टमध्ये आहे. तू तीन रसग्रहणं एकाखाली एक लिहिलीस आणि तुलना केलीस ती फक्त शेवटच्या वाक्यात. मी २६ वर्षं शिकवलं, उत्तरपत्रिकांचे गठ्ठे तपासले, अशा प्रश्नात माझी नजर एकच गोष्ट शोधायची, दोन कविता एकाच परिच्छेदात समोरासमोर आल्यात का. तीन पानं उलटून झाली तरी दुसऱ्या कवितेचं नाव नाही असं दिसलं की हात आखडायचाच.

आता मांडणी. सगळे सांगतात मुद्द्यांप्रमाणे लिहा, आणि मुलं काय करतात तर आशय, भाषा, प्रतिमा, छंद असे खण पाडतात. हे खण जगातल्या कुठल्याही कवितांना लागतात, म्हणूनच त्यातून हाताला काही लागत नाही. मुद्दा असा काढायचा की तो या तीन कवितांतूनच निघावा. तुला पाठ आहेत ना, मग वही मिटून तिन्ही सलग म्हणून बघ. तिन्हींत पाणी आहे. औदुंबर 'पाय टाकुनी जळांत बसला' आहे. बहिणाबाईंचं मन कसं, तर 'जशा वाऱ्यानं चालल्या पान्यावऱ्हल्या रे लाटा'. आणि मर्ढेकरांचं पीप ओलं आहे. ती ओळ जरा थांबून वाच, 'ओल्या' हा शब्द व्याकरणाने पिपाचा आहे, ओल्या पिपात उंदीर मेले असा अन्वय, पण कवीने तो पिपापासून तोडून उंदरांच्या शेजारी नेऊन ठेवलाय त्यामुळे वाचताना तो ओलेपणा उंदरांच्या अंगाला चिकटतो. ही एक गोष्ट लिहिलीस तरी तपासणाऱ्याला कळतं की पोरीने कविता वाचलीय, गाईड नाही.

पाणी आहे, पण तिघांकडे ते सारखं वागत नाही, आणि तुलना सुरू होते ती इथे. बालकवींच्या आठ ओळींत किती चालणं आहे बघ, झरा वाहतो, पायवाट 'अडवीतिडवी' पडते, हिरव्या कुरणांतून काळ्या डोहाकडे चालत जाते, आणि हे सगळं येऊन थांबतं एका बसलेल्या झाडापाशी. बहिणाबाईंकडे काही बसतच नाही, ढोर हाकललं तरी पुन्हा पिकावर, पाखरू आत्ता भुईवर तर आत्ता आभाळात. मर्ढेकरांकडे हालचाल होऊन गेलेली आहे, माना पडल्यात, आणि वरून 'जगायची पण सक्ती आहे. मरायची पण सक्ती आहे'. म्हणजे तुझ्या उत्तराचं पहिलं वाक्य तयार झालं: तिन्ही कवितांत पाणी आहे, पण बालकवींकडे ते विसाव्याची जागा आहे, बहिणाबाईंकडे मनाचं न थांबणं आहे आणि मर्ढेकरांकडे ते जीव कोंडणारं आहे. इथूनच सुरुवात करायची. जन्म कुठे, शिक्षण काय, टोपणनाव काय, हे १५ मार्कांत लागत नाही.

पुढचे परिच्छेद याच वाक्याला धरून. एक हालचालीवर, वर सांगितला तो. दुसरा, माणूस आणि निसर्ग यांची अदलाबदल कशी होते यावर. झाड माणसासारखं पाय सोडून बसलंय, मन ढोरासारखं मोकाट सुटलंय, आणि उंदरांना ओठ आहेत, त्यांच्या संदर्भात आसक्ती हा शब्द येतो, तो माणसाचा शब्द आहे. तिसरा शेवटांवर. 'औदुंबर' साध्या विधानाने संपते, बहिणाबाई देवालाच विचारतात की जागेपणी तुला असं स्वप्न कुठे पडलं, आणि मर्ढेकर 'न्हाले! न्हाले!' असा उद्गार काढून थांबतात. विधान, प्रश्न, उद्गार. एवढं अर्ध्या तासात पुरेसं आहे. प्रत्येक परिच्छेदात तिन्ही कवितांना सारखी जागा द्यायलाच हवी असं काही नाही, कुठे दोघींचं भांडण जास्त रंगतं तर तिसरी एका वाक्यात आली तरी चालते.

पहिली पाच मिनिटं शेवटच्या पानावर कच्चं काम कर. तीन उभे रकाने, वर कवितेचं नाव, प्रत्येकीत पाच-सहा शब्द जसेच्या तसे कवितेतले. मग आडवं बघत जा, कुठले शब्द एकमेकांना हाक मारतात ते. मुद्दे तिथूनच निघतात, आधी ठरवून बसायचं नाही.

तपकिरी_शाई

सरांचं सगळं पटलं पण एक सांगू का, परीक्षेच्या हॉलमध्ये टेन्शन आलं की मुद्द्यांप्रमाणे लिहिताना माझा गोंधळ व्हायचा, कुठल्या कवितेबद्दल बोलतोय तेच कळायचं नाही, वाक्यं नुसती 'तर दुसरीकडे तर तिसरीकडे' अशी व्हायची आणि पंधरा मिनिटांनी लक्षात यायचं की एक कविता राहूनच गेली. मी मग असं केलं की जी सगळ्यात पक्की आहे तिला पाया धरायचो, तिच्यावर एक पान लिहायचं, आणि बाकीच्या दोन्ही तिच्याशी ताडून बघत लिहायच्या. म्हणजे दुसऱ्या कवितेच्या पहिल्याच वाक्यात 'औदुंबर जिथे स्थिर आहे तिथे हे मन...' असं यायलाच पाहिजे हा नियम स्वतःला घालून घेतला होता. मला ११ मिळाले होते त्यात. फार नाहीत पण ५ पेक्षा बरेच.

आणि अजून एक, काळाच्या क्रमाने मांडायच्या फंदात पडू नकोस. या तिघांत तर तो क्रम फसवतो. बालकवी १९१८ ला गेले, मर्ढेकरांचा 'काही कविता' हा संग्रह १९४७ चा, आणि बहिणाबाईंची गाणी पुस्तकात आली १९५२ ला, त्या गेल्यानंतर. पुस्तकांच्या साली बघितल्या तर बहिणाबाई मर्ढेकरांच्या नंतर येतात, आणि मग 'मर्ढेकरांच्या नवकवितेनंतर बहिणाबाई निसर्गाकडे वळल्या' असलं भलतंच काहीतरी लिहून बसतो माणूस. त्या शेतात, जात्यावर गाणी रचत होत्या, लिहिता येत नव्हतं, ती दुसऱ्यांनी उतरवून घेतली.

फळा_आणि_खडू

पाया कवितेची पद्धत चांगली आहे, मी तिला कमी लेखणार नाही. फक्त पायावर अख्खं पान नको, अर्ध्यात आवर. नाहीतर वेळ संपतो आणि तिसऱ्या कवितेला चार ओळी उरतात, हे मी शेकड्यांनी पाहिलंय. आणि पाया कुठली धरायची ते आवडीवर नको. जिच्याशी बाकीच्या दोन्ही भांडू शकतात ती धर. इथे 'औदुंबर', कारण ती स्थिर आहे, बाकीच्या दोन्ही तिच्यापासून दोन वेगळ्या दिशांना जातात.

केळीची_बाग

मी जळगावकडचा, म्हणून राहवत नाही. हे तिन्ही कवी आमच्या खान्देशातले, बालकवी धरणगावचे, बहिणाबाई आसोद्याच्या, मर्ढेकरांचा जन्म फैजपूरचा. हे उत्तरात घालायचं नाही ते कळलं, पण तुम्हाला माहीत असावं म्हणून सांगतो, आम्हाला त्याचा फार अभिमान आहे.

मला सांगायचंय ते ओळी उतरवण्याबद्दल. आमच्याकडे मुलं बहिणाबाईंच्या ओळी प्रमाण मराठीत दुरुस्त करून लिहितात, 'आभायात' चं 'आभाळात', 'पान्यावऱ्हल्या' चं 'पाण्यावरच्या', 'त्याले' चं 'त्याला'. असं करू नका हो. माझी आजी अशीच बोलायची, 'आभाय' म्हणायची, 'मन चपय' मधला तो य जिभेवरून जसा सटकतो तसं ते मनच सटकतं, चपळ म्हटलं की ळ वर जीभ अडकते आणि मन तिथेच थांबतं. भाषेवर मुद्दा लिहायचा असेल तर हा लिहा, 'ग्रामीण बोलीचा गोडवा' असं नुसतं लिहून काही उपयोग नाही. आणि त्याच्यासमोर मर्ढेकरांचा 'बेकलायटी' ठेवा. बेकलाइट म्हणजे ते जुनं प्लॅस्टिक, टेलिफोन, रेडिओ, स्विच ज्याचे असायचे. ओठांवरचं मधाचं पोळंसुद्धा बेकलाइटचं! दोघंही शब्द दोनदा म्हणतात बघा, 'वढाय वढाय', 'बेकलायटी, बेकलायटी', पण एकीकडे दुसऱ्यांदा म्हटल्यावर मन अजून पळतं आणि दुसरीकडे मशीनचा तोच तोच ठोका पडल्यासारखं वाटतं.

फळा_आणि_खडू

वा, पुनरुक्तीचा मुद्दा मला सुचला नव्हता, हा शेवटांच्या मुद्द्याच्या जागी घेतला तरी चालेल. ओळींबद्दल अगदी बरोबर. 'उंदिर' सुद्धा ऱ्हस्वच ठेवा, त्या ओळीत ८ आणि ८ अशा १६ मात्रा आहेत, दीर्घ केलात की एक मात्रा वाढते. आणि अख्खी कडवी उतरवू नका, दोन-तीन शब्दांचे तुकडे आपल्या वाक्यात विणा.

रात्रीचा_अभ्यास

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री बसून रकाने काढले आणि एक परिच्छेद लिहिला, घड्याळ लावून नऊ मिनिटं लागली. बघाल का?

'औदुंबर' मध्ये झरा आणि पायवाट दोन्ही चालत असतात, पण कवितेचा शेवट बसलेल्या झाडापाशी होतो, आणि डोह काळा असला तरी त्याचा काळिमा 'गोड' आहे. बहिणाबाईंच्या मनाला असा डोह सापडत नाही, ते लाटेसारखं चालत राहतं आणि हाकललं तरी 'फिरी येतं'. या दोन्ही कवितांत पाणी उघड्यावर आहे. मर्ढेकरांकडे ते पिपात आहे आणि त्यात उंदीर बुडून मेले आहेत, त्यांना थांबायचं की चालायचं हे ठरवताच येत नाही, कारण दोन्हीची 'सक्ती आहे'.

फळा_आणि_खडू

पाणी उघड्यावर आणि पाणी पिपात, हे तुझं स्वतःचं आहे आणि फार चांगलं आहे, याच्याखाली मी पेनाने रेघ मारली असती. एकच शब्द बदल. 'बुडून' हे कवितेत कुठे आहे? 'उचकी देउन' आहे. तो घे.

रात्रीचा_अभ्यास

हो सर, बदलला. आता माणूस आणि प्राणी हा परिच्छेद आज रात्री लिहिते.